रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे, हे कॉम्प्युटरला शिकवायला निघालेले एडगर कॉड

कॉम्प्युटरवर एखादा फॉर्म उघडा. 'वय' लिहिलेल्या चौकोनात एक आकडा टाका आणि मग तो खोडून टाका. चौकोन रिकामा झाला. आता कॉम्प्युटरने तिथे काय समजायचं? या माणसाचं वय शून्य आहे? वय माहीत नाही? सांगायचं नाही? की आधी टाकलेला आकडाच खरा धरायचा?

प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. दवाखान्यातली रक्तातल्या साखरेची नोंद घ्या. तीन पेशंट आले. एकाची साखर ११०, दुसऱ्याची १३०, तिसऱ्याची तपासणीच झाली नाही. तिसरा चौकोन रिकामा सोडला आणि प्रोग्रॅमने गुपचूप तिथे शून्य धरलं, तर सरासरी येते ८०. रिकामा चौकोन बाजूला ठेवला तर येते १२०. आकडे तेच, पेशंट तेच, पण एका न भरलेल्या चौकोनाने चाळीसचा फरक पाडला. शिवाय शून्य साखर असलेला माणूस जिवंत असू शकत नाही, ते वेगळंच.

परीक्षेत शून्य मार्क मिळणं आणि परीक्षेला गैरहजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. कॉम्प्युटरला मात्र ते कळत नव्हतं. ते त्याला नीट, नियमात बसवून शिकवायला हवं, असा आग्रह ज्या माणसाने आयुष्याच्या शेवटपर्यंत धरला त्याचं नाव एडगर फ्रँक कॉड. मित्रमंडळी त्यांना टेड म्हणायची.

आज तुम्ही बँकेचा बॅलन्स बघता, रेल्वेचं तिकीट काढता, ऑनलाइन काही मागवता, तेव्हा पडद्यामागे बहुतेक ठिकाणी जी माहिती साठवण्याची पद्धत चालते, तिचा पाया याच माणसाने घातला. तरीही रिकाम्या चौकोनाच्या बाबतीत त्यांचा सगळ्यात जवळचा सहकारीच त्यांच्या विरोधात उभा राहिला.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पोर्टलंड नावाचं छोटं बेट आहे. तिथे १९२३ च्या ऑगस्टमध्ये कॉड यांचा जन्म झाला. वडील चामड्याच्या धंद्यात, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांत हे शेंडेफळ. पूल इथल्या ग्रामर स्कूलमध्ये शिक्षण झालं आणि पुढे ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र घेतलं.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. शिकत असल्यामुळे त्यांना लष्करातून सवलत मिळू शकत होती. त्यांनी ती घेतली नाही आणि स्वतःहून रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले. कोस्टल कमांडमध्ये ते सन्दरलँड जातीची विमानं उडवायचे. ही पाण्यावर उतरणारी अवाढव्य विमानं समुद्रावर तासन् तास गस्त घालायची. या काळात प्रशिक्षणाच्या निमित्ताने त्यांनी अमेरिका पहिल्यांदा पाहिली. विमान उडवण्याची हौस आणि अमेरिकेची ओढ, दोन्ही त्यांना तिथूनच लागली.

युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डला परत जाऊन त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि १९४८ मध्ये थेट न्यूयॉर्क गाठलं. तिथे पहिली नोकरी मिळाली ती मेसीज या प्रसिद्ध दुकानात, पुरुषांचे कपडे विकायची. नंतर काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं. आणि मग १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागले.

त्या काळात प्रोग्रॅमर ही जात जगात मोजकीच होती. आयबीएमने न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन अव्हेन्यूजवळ एसएसईसी नावाचं एक राक्षसी गणकयंत्र बसवलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काचेतून ते दिसायचं. कॉड या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहायचे.

१९५३ मध्ये मात्र त्यांनी अमेरिका सोडली. कारण होतं सिनेटर जोसेफ मॅकार्थी. जो दिसेल त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारण्याची मोहीम तेव्हा जोरात होती आणि कॉड यांना त्याची चीड आली. ते कॅनडात ओटावाला निघून गेले आणि तिथे क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पाशी जोडलेल्या एका कंपनीत काम करू लागले. पुढे आयबीएममधल्या जुन्या साहेबांशी योगायोगाने गाठ पडली आणि १९५७ मध्ये ते परत आयबीएममध्ये आले. नको त्या गोष्टीपुढे मान तुकवायची नाही, मग गाव सोडावं लागलं तरी चालेल, हा स्वभाव पुढेही बऱ्याच वेळा दिसतो.

परत आल्यावर त्यांनी स्ट्रेच या महासंगणकाच्या प्रकल्पात काम केलं. एकाच मशीनवर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम कसे चालवायचे, हा त्यांचा विषय होता. मग चाळिशीच्या आसपास, संसार असताना, ते पुन्हा विद्यार्थी झाले. आयबीएमच्या शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. विषय होता स्वतःची प्रत स्वतःच बनवू शकणारी गणिती यंत्रं. जॉन फॉन नॉयमन या दिग्गजाने असं यंत्र कल्पिलं होतं, त्याच्या प्रत्येक घरासाठी २९ अवस्था लागायच्या. कॉड यांनी ते आठ अवस्थांत होतं हे दाखवलं.

थोडक्यात, ते गणिती होते. पसारा दिसला की त्याच्या मुळाशी जाऊन तो कमीत कमी नियमांत बसवायचा, ही त्यांची मूळ सवय.

आणि मग ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत पोहोचले, जिथे पसारा भरपूर होता.

साठच्या दशकात कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायची म्हणजे ती एखाद्या झाडासारखी किंवा जाळ्यासारखी रचून ठेवायची. आयबीएमचं आयएमएस नावाचं सॉफ्टवेअर झाडाच्या पद्धतीचं होतं. अपोलो मोहिमेच्या प्रचंड रॉकेटमध्ये लागणाऱ्या लाखो सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून ते जन्माला आलं. त्यात एखादी माहिती हवी असेल तर ती कुठल्या फांदीवर, कुठल्या डहाळीवर बसली आहे हे प्रोग्रॅमरला आधी माहीत असावं लागे. वरून खाली, एकेक टप्पा करत तिथपर्यंत जायचं. उद्या कुणी झाडाची रचना बदलली की सगळे प्रोग्रॅम बंद. साहेबाने एखादा नवा प्रश्न विचारला, की नवा प्रोग्रॅम लिहायला काही दिवस किंवा आठवडे.

कॉड यांना हे पटेना. त्यांनी १९६९ मध्ये आयबीएममधल्या अंतर्गत अहवालात आणि १९७० च्या जूनमध्ये एका जाहीर शोधनिबंधात वेगळाच मार्ग मांडला. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. आडव्या ओळी, उभे रकाने. एक तक्ता कामगारांचा, एक खात्यांचा, एक पगाराचा. तक्त्यांमधला संबंध हा त्यांच्यातल्या समान किमतींवरून जुळेल, कुठल्या छुप्या दोऱ्यांनी नाही. काय हवं ते सांगा, ते कसं शोधायचं हे मशीन बघेल. यालाच पुढे रिलेशनल डेटाबेस म्हणायला लागले.

आज हे ऐकून वाटेल, यात काय विशेष? एक्सेल उघडलं की हेच दिसतं. पण तेव्हा अनुभवी मंडळींनी नाकं मुरडली. गणित म्हणून छान आहे, प्रत्यक्षात हे कासवाच्या गतीने चालेल, असं त्यांचं म्हणणं. आणि खुद्द आयबीएमला काय वाटलं? आयबीएमचं आयएमएस तेव्हा जोरात विकलं जात होतं. आपल्याच चालत्या दुकानासमोर दुसरं दुकान कोण टाकेल?

झाडाचं बाजूला ठेवलं तर जाळ्याच्या पद्धतीचा म्होरक्या होता चार्ल्स बाकमन. त्याला १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, म्हणजे संगणकशास्त्रातलं नोबेलच. दुसऱ्याच वर्षी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला एका परिषदेत कॉड आणि बाकमन यांचे गट समोरासमोर आले. संगणकाच्या इतिहासात ही खडाजंगी गाजलेली आहे. निकाल त्या दिवशी काही लागला नाही, पण तरुण संशोधकांना कुठल्या बाजूला जायचं ते कळलं.

आयबीएमने अखेर सॅन होजेमध्ये सिस्टीम आर नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी सीक्वेल नावाची भाषा बनवली. तीच पुढे एसक्यूएल झाली. गंमत म्हणजे कॉड यांनी स्वतः अल्फा नावाची भाषा सुचवली होती, ती बाजूला पडली. ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं तोच माणूस बांधकामाच्या वेळी थोडा कडेला उभा होता. आणि जे बांधलं जात होतं ते त्यांना आराखड्यानुसार वाटत नव्हतं.

तिकडे लॅरी एलिसन नावाच्या एका तरुणाने आयबीएमचे हे छापील निबंध वाचले आणि मित्रांसोबत कंपनी काढली. १९७९ मध्ये त्यांचं ओरॅकल बाजारात आलंसुद्धा. आयबीएमचं स्वतःचं पहिलं एसक्यूएल उत्पादन यायला १९८१ उजाडलं. घरची कल्पना, पण पहिली दुकानदारी शेजाऱ्याची.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे रिकाम्या चौकोनाकडे.

तक्ता म्हटला की सगळे चौकोन भरलेले असतील असं कधीच होत नाही. कुणाचा फोन नंबर माहीत नसतो, कुणाचा पगार अजून ठरलेला नसतो, कुणाची जन्मतारीख सापडत नसते. कॉड यांच्याआधी प्रोग्रॅमर लोक यावर जुगाड करायचे. वय माहीत नाही? ९९ टाका. रक्कम नाही? उणे एक टाका. तारीख नाही? ९ सप्टेंबर १९९९ टाका, तेव्हापर्यंत हा प्रोग्रॅम कशाला कोण वापरतंय! ती तारीख खरोखर उजाडली तेव्हा जगभरच्या कॉम्प्युटर विभागांत धाकधूक होती. सुदैवाने फार काही मोडलं नाही.

जुगाडाची अडचण अशी की तो ज्याने केला त्यालाच माहीत असतो. एका खात्यात उणे एक म्हणजे माहीत नाही, दुसऱ्या खात्यात शून्य म्हणजे माहीत नाही, तिसऱ्यात ९९९९. नवा माणूस येतो, सरासरी काढतो आणि ९९ वर्षांच्या शेकडो कामगारांना धरून कंपनीचं सरासरी वय सांगून मोकळा होतो.

कॉड यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून यावर लिहायला सुरुवात केली आणि १९७९ च्या एका मोठ्या निबंधात ते सविस्तर मांडलं. त्यांचं म्हणणं असं की माहिती नसणं ही कुठलीही किंमत नाही. ती शून्य नाही, ती कोरी अक्षरं नाहीत, ती उणे एक तर नाहीच नाही. ती फक्त एक खूण आहे, इथे माहिती नाही एवढंच सांगणारी. आकडा असो, नाव असो, तारीख असो, ही खूण सगळीकडे एकच असावी आणि तिचे नियम मशीनलाच ठाऊक असावेत, प्रत्येक प्रोग्रॅमरच्या मर्जीवर ते सोडू नयेत. या खुणेला नल म्हणतात. दमयंतीचा नल वेगळा.

पण एकदा ही खूण मान्य केली की गणितच बदलतं. रमेशचं वय माहीत नाही. मग त्याचं वय १८ पेक्षा जास्त आहे का? हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. उत्तर आहे माहीत नाही. म्हणजे खरं आणि खोटं या दोन उत्तरांच्या जगात तिसरं उत्तर आलं. रमेशचं वय माहीत नाही आणि सुरेशचंही माहीत नाही, तर दोघांचं वय सारखं आहे का? तेही माहीत नाही. म्हणून एसक्यूएलमध्ये नल बरोबर नल असं विचारलं तर होकार मिळत नाही. नवशिक्या प्रोग्रॅमरला पहिला झटका बसतो तो इथे.

माहीत नसलेल्या आकड्यात पाच मिळवले तर? बेरीजही माहीत नाही. सरासरी काढताना मात्र एसक्यूएल रिकाम्या जागा सोडून देतं, म्हणून आपल्या दवाखान्यातली सरासरी १२० येते, ८० नाही.

इथवर सगळं शहाणपणाचं वाटतं. गोची पुढे आहे.

समजा एका तक्त्यातून विचारलं, १८ पेक्षा मोठे असलेले किंवा १८ अथवा त्याहून लहान असलेले सगळे लोक द्या. जगातला प्रत्येक माणूस यात यायलाच हवा. पण रमेश येत नाही! कारण पहिल्या अटीचं उत्तर माहीत नाही, दुसऱ्या अटीचंही माहीत नाही, आणि दोन माहीत नाही जोडून होकार होत नाही. एसक्यूएल फक्त होकारवाल्या ओळी देतं. रमेश तक्त्यात आहे, जिवंत आहे, पण यादीत नाही. आणि मशीन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. हीच यादी पेन्शनची किंवा लसीकरणाची असेल तर काय होईल, याचा विचार करून बघा.

नेमक्या याच मुद्द्यावर कॉड यांना आव्हान दिलं ते ख्रिस डेट यांनी. हे डेट म्हणजे कॉड यांचे सगळ्यात मोठे पाठीराखे. तेही इंग्रज, तेही आयबीएमचे. कॉड यांचं लेखन गणिती आणि वाचायला जड असायचं. ते सोप्या भाषेत जगभर पोहोचवलं डेट यांनी. त्यांचं डेटाबेसचं पाठ्यपुस्तक भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं. आयबीएम सोडल्यावर दोघांनी १९८५ मध्ये मिळून सल्ला देणारी कंपनी काढली, तिचं नावही दोघांच्या आडनावांचंच होतं.

असा हा माणूस म्हणू लागला की नल ही चूक आहे. तीन उत्तरांचं तर्कशास्त्र माणसाच्या डोक्यात बसत नाही, त्यातून चुकीची उत्तरं निघतात आणि ती चुकीची आहेत हे कळतही नाही. त्यापेक्षा माहिती नसेल तर तक्ता वेगळा करा, किंवा माहीत नाही असं सरळ लिहिलेली एक ठरावीक किंमत वापरा. कॉड यांना हे म्हणजे पुन्हा उणे एकच्या जुगाडाकडे परत जाणं वाटलं. १९९३ मध्ये दोघांनी हा वाद छापील स्वरूपात, आमनेसामने घातला. दोघांचं म्हणणं वाचलं तर जाणवतं की डेट यांनी दाखवलेले धोके खरे आहेत, आणि कॉड यांनी दाखवलेली गरजही तितकीच खरी आहे. कोण जिंकलं ते सांगता येत नाही.

मधल्या काळात कॉड यांना मान मिळाला. १९७६ मध्ये आयबीएमने त्यांना फेलो केलं, १९८१ मध्ये त्यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण ऐंशीच्या दशकात रिलेशनल हा शब्द इतका चालला की जो तो आपल्या जुन्या सॉफ्टवेअरवर तो चिकटवायला लागला. डालड्याच्या डब्यावर साजूक तुपाचं लेबल लावावं तसं.

कॉड वैतागले. १९८५ मध्ये त्यांनी कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात दोन लेख लिहिले आणि खरा रिलेशनल डेटाबेस कुणाला म्हणायचं याचे बारा नियम जाहीर केले. मोजायला गेलं तर नियम तेरा आहेत, कारण गणिती माणसाने मोजणी शून्यापासून केली. यातला तिसरा नियम रिकाम्या चौकोनाचा आहे. माहिती नसल्याची खूण ही कोऱ्या अक्षरांपेक्षा वेगळी, शून्यापेक्षा वेगळी, इतर कुठल्याही आकड्यापेक्षा वेगळी असली पाहिजे आणि सगळ्या प्रकारच्या माहितीला सारख्याच पद्धतीने लागू झाली पाहिजे. बाजारातलं एकही सॉफ्टवेअर सगळे नियम पाळत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. कंपन्यांना हे रुचण्याचं काही कारण नव्हतं. आयबीएमचं उत्पादनही त्यातून सुटलं नव्हतं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९९० च्या पुस्तकात त्यांनी रिकाम्या चौकोनाचेही दोन प्रकार पाडले. एखाद्या माणसाचा फोन नंबर आहे, पण आपल्याला माहीत नाही, हा एक प्रकार. त्या माणसाकडे फोनच नाही, त्यामुळे नंबरचा प्रश्नच उद्भवत नाही, हा दुसरा. पहिल्यात चौकोन उद्या भरता येईल. दुसऱ्यात तो भरण्यात अर्थच नाही. अविवाहित माणसाच्या फॉर्मवर जोडीदाराचं नाव विचारलं की जो चौकोन उरतो, तो या दुसऱ्या जातीचा. दोन वेगळ्या खुणा म्हणजे आता उत्तरं तीन नाहीत, चार झाली. खरं, खोटं, माहीत नाही आणि लागू नाही.

विचार म्हणून हे अचूक आहे. फॉर्म भरणाऱ्या कुणालाही हा फरक कळतो. पण तीन उत्तरांनीच मेटाकुटीला आलेल्या प्रोग्रॅमर मंडळींना चौथं उत्तर नको होतं. एसक्यूएलने ते स्वीकारलं नाही. तिथे आजही एकच नल आहे आणि त्याच्या पोटात दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत.

शिवाय तक्त्यात नल ठेवायची सोय झाली म्हणून पडद्यावरचा चौकोन सुधारला असं नाही. डेटाबेसला रिकामं कळतं, पण मधला प्रोग्रॅम ते त्याच्यापर्यंत पोहोचू देईल तर ना! जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये कोऱ्या मजकुराचा आकडा काढायला व्हॅल नावाचं फंक्शन वापरलं की ते बिनदिक्कत शून्य द्यायचं. म्हणजे चौकोन रिकामा सोडला तरी तक्त्यात शून्य जाऊन बसलं. एक्सेलमध्ये सरासरी काढताना रिकामे चौकोन सोडले जातात, पण त्याच रिकाम्या चौकोनाचा संदर्भ बरोबरचं चिन्ह टाकून दुसऱ्या चौकोनात घेतला, तर तिथे शून्य उमटतं आणि मग तेच शून्य पुढच्या सरासरीत हजेरी लावतं.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये विंडोज फॉर्म्ससाठी आकडा टाकायचा एक तयार चौकोन मिळतो, बाजूला वर खाली करायचे बाण असलेला. त्याच्यामागची किंमत नेहमी आकडाच असते, रिकामी होऊच शकत नाही. वापरणाऱ्याने तिथला २५ हा आकडा खोडला आणि पुढच्या चौकोनात गेला, तर पडद्यावर चौकोन कोरा दिसतो, पण आत २५ तसाच असतो. सेव्ह दाबलं की २५ साठवला जातो. डोळ्यांना रिकामं, मशीनला पंचवीस. हे टाळायला प्रोग्रॅमरला तो चौकोन कोरा आहे का हे वेगळं तपासावं लागतं आणि कोरा असेल तर नल पाठवावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेत रिकामा राहू शकणारा आकडा ही सोय आली ती २००५ मध्ये. तोवर कॉड हयात नव्हते.

उलटा घोळही होतो. कॅलिफोर्नियात एका सुरक्षा संशोधकाने गंमत म्हणून गाडीची नंबरप्लेट NULL या चार इंग्रजी अक्षरांची घेतली. ज्या दंडाच्या पावत्यांवर गाडीचा नंबर भरलाच गेला नव्हता, त्या सगळ्या त्याच्या नावावर जमा व्हायला लागल्या. आकडा १२ हजार डॉलरच्या घरात गेला. माहिती नसल्याची खूण आणि ती खूण लिहायला वापरलेली अक्षरं या दोन गोष्टी कुठल्यातरी प्रोग्रॅमने एकच धरल्या होत्या. कॉड यांचा तिसरा नियम नेमका हेच करू नका म्हणून सांगत होता.

कॉड यांच्या उत्तरायुष्यातला एक प्रसंग मात्र त्यांच्या लौकिकाला शोभणारा नव्हता. १९९३ मध्ये त्यांनी माहितीच्या विश्लेषणासाठी ओलॅप ही नवी संज्ञा आणि तिचे बारा नियम मांडले. ते लेखन आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीच्या पैशातून झालं होतं आणि नियम त्याच कंपनीच्या उत्पादनाला सोयीचे होते, हे बाहेर आलं. कॉम्प्युटरवर्ल्डने त्यावरचा लेख मागे घेतला. ज्या साप्ताहिकात आठ वर्षांपूर्वी त्यांनी कंपन्यांना आरसा दाखवला होता, तेच हे साप्ताहिक. ओलॅप हा शब्द मात्र टिकला.

नंतरची वर्षं त्यांनी फ्लोरिडात काढली. पत्नी शॅरन याही गणिती आणि डेटाबेसच्याच क्षेत्रातल्या, सल्ल्याच्या व्यवसायातही त्यांच्या सोबत होत्या. १८ एप्रिल २००३ रोजी, फ्लोरिडातल्या विल्यम्स आयलंड इथल्या घरी हृदय बंद पडून कॉड यांचं निधन झालं. वय होतं ७९.

त्यांच्या कल्पनेवर ओरॅकल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट यांनी अब्जावधी डॉलरचे धंदे उभे केले. कॉड यांच्या वाट्याला त्यातली मालकी आली नाही. कल्पना जाहीर निबंधात छापलेली होती, ती कुणीही घ्यावी अशीच. २००४ मध्ये डेटाबेस संशोधनातल्या सर्वोच्च वार्षिक पुरस्काराला त्यांचं नाव देण्यात आलं. ख्रिस डेट यांनी त्यांच्यावर आदराने मृत्युलेख लिहिला आणि त्यानंतरच्या आपल्या पुस्तकांत नलवरची टीका जराही कमी केली नाही.